अकरावीला प्रवेश, अट आठवी पास!

विंडोज ११ ची चाचणी आवृत्ती आली आणि कॉलेजच्या ग्रुप्सवर स्क्रीनशॉट्सचा पाऊस पडला. मीही ती आठ दिवस वापरली. स्टार्टचं बटण मधोमध आलं ही त्यातली सगळ्यात छोटी बातमी आहे. मोठी बातमी वेगळीच आहे, आणि ती तुमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल आहे.

तेव्हा घरोघरी एकच विषय होता, अकरावीचा प्रवेश. आमच्याकडेही. परीक्षा न देताच दहावी झालेला माझा धाकटा भाऊ निकालाची वाट बघत बसला होता आणि आई रोज पेपर उघडून आधी सीईटीची बातमी शोधायची. अशात ४ जुलैच्या रविवारी मी चहाच्या वेळी जाहीर केलं, 'मला अकरावीला ॲडमिशन मिळाली!' बाबांनी कप खाली ठेवला. एमए करणारी मुलगी अकरावीला? भाऊ मात्र लगेच ओळखून गेला. म्हणाला, 'ताई, इन्स्टॉल केलंस पण? बघू!'

तर मंडळी, विषय आहे विंडोज ११. मायक्रोसॉफ्टने २४ जून २०२१ ला त्याची घोषणा केली आणि चारच दिवसांत, २८ जूनला, पहिली चाचणी आवृत्ती लोकांच्या हातात दिली. त्याला म्हणतात इन्सायडर प्रीव्ह्यू. पक्की आवृत्ती त्या वर्षाच्या अखेरीस येणार होती. ज्यांना तोवर धीर धरवत नव्हता, त्यांनी इन्सायडर प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायचं, सेटिंग्जमध्ये जाऊन 'डेव्ह चॅनल' निवडायचं आणि डाउनलोड लावून द्यायचं. मी तेच केलं. एका वाक्यात सांगायचं तर दिसायला भारी, वापरायला बरं आणि घाईघाईने टाकायला धोक्याचं. आता सविस्तर.

पहिली भेट

कॉम्प्युटर सुरू झाला आणि पहिल्यांदा हात चुकला तो स्टार्टवर. इतकी वर्षं डाव्या कोपऱ्यात जायची सवय. तिथे आता काहीच नाही. बटण खाली मधोमध आलंय आणि त्याच्या शेजारी बाकीचे आयकॉन्स रांगेत उभे आहेत. मेन्यू उघडला की वर तुम्ही पिन केलेली ॲप्स, खाली अलीकडे उघडलेल्या फाइल्स. विंडोज १० मधल्या त्या हलणाऱ्या, बदलणाऱ्या टाइल्स गायब. खिडक्यांचे कोपरे गोल झालेत. सेटिंग्ज पहिल्यांदाच एका जागी, नीट मांडलेली वाटतात. स्टार्ट पुन्हा डावीकडे नेता येतं, सेटिंगमध्ये तशी सोय आहे. पण पूर्ण टास्कबार वर किंवा बाजूला न्यायची सोय काढून टाकलीये. ज्यांना उभा टास्कबार लागतो त्यांनी आत्ताच मनाची तयारी करा.

मला सगळ्यात आवडलं ते स्नॅप लेआउट. खिडकी मोठी करायच्या चौकोनावर माउस नुसता नेला की छोटे नकाशे दिसतात. अर्ध्यात अर्धं, तीन भाग, चार भाग. हवा तो भाग निवडा, खिडकी तिथे जाऊन बसते. ऑनलाइन लेक्चर एका बाजूला, नोट्स दुसऱ्या बाजूला आणि कोपऱ्यात व्हॉट्सॲप. (सर, हे वाचत असाल तर ते शेवटचं फक्त उदाहरण होतं.) त्याआधीच्या दीड वर्षात आपण एका स्क्रीनवर वर्ग, लायब्ररी आणि कट्टा असं सगळं चालवलं होतं. त्या सवयीला ही सोय अगदी चपखल बसते.

मग भावाने माउस हातात घेतला, डेस्कटॉपवर राइट क्लिक केलं आणि ओरडला, 'ताई, रिफ्रेश कुठे गेलं?'

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कॉम्प्युटर सुरू झाला की दोन-चार वेळा रिफ्रेश मारल्याशिवाय ज्यांना कामाला सुरुवात केल्यासारखं वाटत नाही, अशी आपली अख्खी पिढी आहे. त्याने कॉम्प्युटरचा वेग वाढत नाही हे माहीत असूनही आपण मारतो. पहिल्या बिल्डमध्ये राइट क्लिकचा मेन्यू छोटा आणि देखणा केला होता आणि रिफ्रेश 'आणखी पर्याय दाखवा'च्या मागे ढकललं होतं. ८ जुलैला दुसरी बिल्ड आली, क्रमांक २२०००.६५, आणि रिफ्रेश परत बाहेर आलं, पहिल्याच मेन्यूत. त्याच बिल्डमध्ये स्टार्टच्या वरच्या बाजूला सर्चचा रकानाही आला. चाचणी आवृत्ती का काढतात याचं याहून सोपं उदाहरण मला देता येणार नाही. तेव्हा काहीच पक्कं झालेलं नव्हतं. आज नसलेली गोष्ट दहा दिवसांत येऊ शकते आणि आज असलेली जाऊही शकते.

घोषणेतल्या काही गोष्टी तर तेव्हा आलेल्याच नव्हत्या. विंडोजवर ॲमेझॉनच्या ॲपस्टोअरमधून अँड्रॉइड ॲप्स चालतील, हे सगळ्यात गाजलेलं आश्वासन होतं. पहिल्या चाचणी आवृत्तीत ते नव्हतं. टास्कबारवरून थेट टीम्सवर गप्पा, तेही नव्हतं. त्यामुळे त्यासाठी इन्स्टॉल करण्यात अर्थ नव्हता.

कटऑफ लागली

आता मोठ्या बातमीकडे येऊ. आमच्या घरात दोन कॉम्प्युटर आहेत. एक माझा लॅपटॉप, २०१८ च्या अखेरीस घेतलेला. दुसरा डेस्कटॉप, २०१४ मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून बाबांनी असेंबल करून आणलेला. भावाची दहावी त्याच्यावर झाली. सध्या त्यावर बाबांच्या ऑफिसच्या एक्सेल शीट्स, भावाचे क्लास आणि आईची रेसिपी बघणं असं तीन शिफ्टमध्ये काम चालतं. मशीन ठणठणीत आहे.

घोषणा झाली त्याच आठवड्यात मायक्रोसॉफ्टने कॉम्प्युटर पात्र आहे की नाही हे सांगणारं एक छोटं ॲप दिलं होतं. लॅपटॉप पास झाला. डेस्कटॉप नापास. कारण काय, ते ॲप सांगेना. असा नुसताच नकार जगभरात इतक्या जणांना मिळाला की चार दिवसांत कंपनीने ते ॲप तात्पुरतं मागे घेतलं.

कारण नंतर अटी वाचल्यावर कळलं. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इथवर ठीक. पुढे, फक्त ६४ बिटचा प्रोसेसर. मग सिक्युअर बूट. मग टीपीएम २.०. आणि शेवटी प्रोसेसरची यादी. इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, एएमडीचा असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा. इंटेलची आठवी जनरेशन आली २०१७ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे साध्या मराठीत, अकरावीला प्रवेश हवा असेल तर आठवी पास असायला हवं. आमचा डेस्कटॉप चौथीतच शाळा सोडलेला.

तुमचा कितवीत आहे ते बघणं सोपं आहे. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. प्रोसेसरच्या नावात आय३, आय५ किंवा आय७ च्या पुढचा आकडा बघा. ८२५० असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी, १०२१० असेल तर दहावी.

तुलनेसाठी सांगते. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा त्याची ३२ बिटची आवृत्ती १ जीबी रॅमवर चालत होती आणि प्रोसेसरच्या बाबतीत हात बराच सैल होता. या वेळी मात्र रेघ इतकी कडक ओढलीये की मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सरफेस स्टुडिओ २, जो २०१८ मध्ये आला, साडेतीन हजार डॉलरच्या घरात होता आणि २०२१ मध्येही विक्रीला होता, तोसुद्धा तेव्हाच्या यादीत बसत नव्हता. त्याच्यात सातव्या जनरेशनचा प्रोसेसर आहे. शाळेच्या विश्वस्तांच्या मुलालाच प्रवेश नाकारल्यासारखं झालं हे!

टीपीएम म्हणजे काय रे भाऊ?

टीपीएम ही कॉम्प्युटरमधली छोटी तिजोरी समजा. तुमच्या पासवर्डच्या आणि डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या किल्ल्या तिच्यात असतात, बाकीच्या सिस्टिमपासून वेगळ्या. व्हायरस विंडोजमध्ये शिरला तरी त्याला तिजोरीतली किल्ली सहजासहजी मिळत नाही. काही मशीन्समध्ये ती वेगळी चिप असते, बऱ्याच नव्या मशीन्समध्ये प्रोसेसरच्या आतच ती सोय असते. २०१६ च्या जुलैअखेरपासून विंडोज १० सह विकल्या जाणाऱ्या नव्या कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० असणं मायक्रोसॉफ्टने कंपन्यांना बंधनकारक केलं होतं. गंमत म्हणजे असेंबल केलेल्या बऱ्याच मशीन्समध्ये ती असते, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेली. त्यामुळे 'नाही' असं उत्तर आलं म्हणून लगेच निराश होऊ नका.

मी डेस्कटॉप जोडून देणाऱ्या काकांना फोन लावला. काका हसले. 'अगं, तिजोरीचं सोड. घराला भिंतीच जुन्या आहेत. चौथ्या जनरेशनचा आय३ आहे तो. त्याला काही बसवून उपयोग नाही.' मग थोडं थांबून म्हणाले, 'पण चालतोय ना? मग चालू दे की!'

मायक्रोसॉफ्टची बाजू काय? कंपनी तीन कारणं देते. सुरक्षा, विश्वासार्हता आणि जुन्या ॲप्सशी जुळवून घेणं. अटी पूर्ण करणाऱ्या मशीन्सवर ९९.८ टक्के क्रॅशमुक्त अनुभव मिळाला, असंही तिचं म्हणणं आहे. सुरक्षेचं कारण पोकळ नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॅनाक्रायने जगभरातल्या कॉम्प्युटरमधल्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. त्या भोकासाठी ठिगळ दोन महिने आधीच निघालं होतं, पण ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. आपल्याकडे क्रॅक केलेलं विंडोज आणि कायमचं बंद ठेवलेलं अपडेट ही गोष्ट नवी नाही. तेव्हा सुरक्षा सक्तीची हवी, हे म्हणणं मला पटतं.

पण दुसरी बाजूही बघा. मायक्रोसॉफ्टच्याच आकड्यानुसार २०२१ मध्ये विंडोज १० वापरणारी उपकरणं १३० कोटी होती. त्यातल्या सहा-सात वर्षं जुन्या, उत्तम चालणाऱ्या मशीन्सना एका यादीने 'पुढे जागा नाही' सांगितलं. वेळ कोणती? जगभर चिपचा तुटवडा होता, लॅपटॉप महाग झाले होते आणि शाळा-कॉलेज घरातल्या स्क्रीनवर भरत होतं. ज्या घरात एकच जुना कॉम्प्युटर आहे, त्या घराला सुरक्षेचा धडा 'नवीन घ्या' अशा शब्दांत ऐकू येतो. सुरक्षा खरी, पण तिचं बिल कोण भरणार हा प्रश्नही तितकाच खरा.

घाबरून जायचं मात्र कारण नव्हतं. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अपडेट्स मिळत राहणार होती. हिशेब मांडला, तर तोवर माझा भाऊ टीवायला असणार होता. त्यामुळे तेव्हा कोणी दुकानदार 'आता तुमचा कॉम्प्युटर चालणार नाही' असं सांगून नवा गळ्यात मारत असता, तर त्याला ही तारीख सांगता आली असती.

शनिवारचा गोंधळ

आता माझी फजिती. आठवडाभर मी कॉलेजच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत मिरवत होते. १० जुलैच्या शनिवारी आमची ऑनलाइन परीक्षेची सराव चाचणी होती. तिच्यासाठी एक सॉफ्टवेअर दिलेलं असतं. ते कॅमेऱ्यातून तुमच्याकडे बघतं आणि दुसरी खिडकी उघडू देत नाही. सकाळी दहाला पेपर. पावणेदहाला मी लॉगिन केलं आणि स्क्रीनवर ओळ आली की चाचणी आवृत्तीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हे चालणार नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. रीस्टार्ट. तेच. घड्याळात नऊ बावन्न.

दोष त्या सॉफ्टवेअरचा नव्हता, विंडोजचाही नव्हता. नाव नोंदवताना मी जी पानं 'मान्य आहे' म्हणून भराभर पुढे ढकलली, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही कच्ची आवृत्ती आहे, रोजच्या कामाच्या मशीनवर टाकू नका. पहिल्या बिल्डसोबत तर माहीत असलेल्या अडचणींची यादीच दिली होती. एक अडचण अशी, की कधी कधी सर्चमध्ये काही टाइपच होणार नाही. मग विंडोजचं बटण आणि आर दाबून रनची खिडकी उघडा आणि बंद करा, म्हणजे टाइप होईल. उपाय वाचून मी तेव्हा हसले होते. शनिवारी हसू आलं नाही.

वाचवलं कोणी? नापास डेस्कटॉपने. भावाचा क्लास सुरू होता. त्याने न सांगता हेडफोन काढला, उठला आणि म्हणाला, 'ताई, बस पटकन.' तीन मिनिटं उशिरा का होईना, पेपर झाला. ज्या मशीनला मी आठवडाभर 'आपली चौथी पास' म्हणून चिडवत होते, त्याच्यावर विंडोज १० शांतपणे चालू होतं. त्याचा क्लास बुडाला, ते वेगळंच. त्याची भरपाई म्हणून पिझ्झा देणं बाकी आहे.

ही सराव चाचणी होती म्हणून निभावलं. खरी परीक्षा असती तर? आणि घरात दुसरा कॉम्प्युटरच नसता तर? माझ्या वर्गात निम्म्या लोकांकडे तो नाही. सोमवारी, आठव्या दिवशी, मी परत विंडोज १० वर आले. रिकव्हरीत जाऊन 'गो बॅक' म्हटलं की जुनी सिस्टिम परत येते, पण ही सोय फक्त दहा दिवस असते. त्यानंतर परत यायचं तर सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करावं लागतं.

आपण पाहुणे की कामगार?

या फजितीनंतर मी जरा वाचत बसले, की ही कच्ची आवृत्ती लोकांना वाटायची पद्धत आली कुठून. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ ची पूर्वआवृत्ती अमेरिकेत लोकांना चक्क १९.९५ डॉलरला विकली होती. २००० मध्ये ॲपलने मॅक ओएस टेनचा पब्लिक बीटा काढला, किंमत २९.९५ डॉलर. म्हणजे चुका शोधून द्यायच्या तुम्ही, आणि वर पैसेही तुम्हीच मोजायचे! आता हे फुकट आहे. २०१४ च्या शरद ऋतूत विंडोज १० सोबत इन्सायडर प्रोग्रॅम सुरू झाला. त्याच वर्षी कंपनीत मोठी कर्मचारीकपात झाली आणि तिच्यात टेस्टिंग करणाऱ्यांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यांचं बरंचसं काम आता आपल्यासारख्या हौशी लोकांच्या मशीनवर होतं. मोबदला म्हणजे नवं काहीतरी आधी बघायला मिळणं. किंमत म्हणजे तुमच्या वापराची सविस्तर माहिती कंपनीकडे जाणं. इन्सायडर बिल्डसाठी ती सेटिंग सुरू ठेवावीच लागते.

यात वाईट काही नाही, व्यवहार आहे. पण व्यवहार आहे हे माहीत असलं पाहिजे. आणि हौशी टेस्टिंगची एक मर्यादाही माहीत असली पाहिजे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइल्सच उडाल्या. कोणाच्या? ज्यांनी ते फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं होतं, पण जुन्या जागी काही फाइल्स राहिल्या होत्या, अशांच्या. आपल्याकडे 'सी ड्राइव्ह भरला, सगळं डी वर टाक' हा घरगुती मंत्र आहे, तेव्हा हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत ते अपडेट थांबवलं आणि असं झालेल्यांचं प्रमाण शंभरातल्या एका टक्क्याचाही शंभरावा भाग असल्याचं सांगितलं.

खरी चुटपुट पुढे आहे. अपडेट येण्याआधीच काही इन्सायडर्सनी ही तक्रार फीडबॅक हबवर लिहिली होती. पण तिला मतं कमी पडली, म्हणून ती खालीच राहिली. नंतर कंपनीने तक्रार किती गंभीर आहे ते नोंदवण्याची सोय केली.

यातून मी घेतलेला धडा असा. चाचणीच्या काळात ज्याची तक्रार पोचते आणि जिला इतरांची साथ मिळते, त्याच्या सोयीची सिस्टिम बनते. आपण फक्त स्क्रीनशॉट टाकले, तर आपल्या अडचणी यादीत येणारच नाहीत. सातव्या जनरेशनचंच बघा. इंटेलची सातवी आणि एएमडीची पहिली झेन मशीन्स यादीत घ्यायची का, हे इन्सायडर्सच्या अनुभवावरून तपासू, असं मायक्रोसॉफ्टने २८ जूनला म्हटलं होतं. म्हणजे कटऑफची दुसरी यादी तेव्हा अजून लागायची होती. ज्यांच्याकडे असं जास्तीचं मशीन होतं, त्यांचा शब्द तेव्हा मोलाचा होता. सहा महिन्यांनी नसता.

तीच गोष्ट मराठीची. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांनी टाइप करा, देवनागरी उमटतं. मी लॅपटॉपवर 'दुसऱ्या ॲपची सुट्टी' अशा नावाचं फोल्डर करून बघितलं. 'ऱ्या' आणि 'ॲ' ही आपली नेहमीची परीक्षेची अक्षरं, दोन्ही नीट दिसली. पण मी एकाच मशीनवर आठ दिवस बघितलं. नोटिफिकेशन, सर्च, विजेट्स, जुनी ॲप्स अशा शंभर जागा आहेत. ही तपासणी मराठी लिहिणाऱ्यांनी केली नाही, तर ती कोण करणार?

करायचंच असेल तर...

- घरातल्या एकमेव कॉम्प्युटरवर चाचणी आवृत्ती टाकू नका. परीक्षा, ऑनलाइन मुलाखत किंवा प्रोजेक्ट सबमिशन जवळ असेल तर अजिबात नाही.
- आधी बॅकअप. पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर, पण त्या मशीनच्या बाहेर.
- इन्स्टॉल केल्याची तारीख लिहून ठेवा. नवव्या दिवशी ठरवा, राहायचं की परतायचं.
- प्रत्येक बिल्डसोबत येणारी अडचणींची यादी आधी वाचा, मग इन्स्टॉलचं बटण दाबा.
- कुठल्यातरी लिंकवरून 'विंडोज ११ फ्री डाउनलोड' करू नका. अधिकृत मार्ग फुकट असताना चोरवाटेने व्हायरस आणायचा कशाला?
- विंडोजचं बटण आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. अडचण आली की लिहा. दुसऱ्याने तीच लिहिली असेल तर तिला मत द्या.

मी पुन्हा विंडोज ११ टाकीन का? हो, पण पक्की आवृत्तीच. स्नॅप लेआउटची आठवण येते. डेस्कटॉपला मात्र कुठे न्यायचं नाहीये. काकांनी सांगितल्याप्रमाणे त्याला एक एसएसडी आणि थोडी जास्त रॅम घालायची असं बाबांनी ठरवलंय, म्हणजे तो आणखी काही वर्षं आरामात पळेल. त्यानंतर कदाचित त्याच्यावर लिनक्स टाकू. पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता आधी चालवून बघता येतं ते.

काल भावाने डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवली. 'चौथी पास. अनुभव सात वर्षं.' मी काही बोलले नाही. पिझ्झा अजून बाकी आहे ना!